गावालगतच्या कारखान्याने सीएसआरचा (कंपनीने नफ्यातून समाजासाठी खर्च करायचा) पैसा आमच्याच गावात खर्च करायला हवा ना?

नाही, तशी सक्ती नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ (देणी वजा करून उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, यांपैकी एक जरी गाठलं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. स्थानिक भागाला ‘प्राधान्य’ द्या, एवढंच कलम म्हणतं. त्यामुळे ग्रामपंचायतीने हक्क सांगण्यापेक्षा शाळेच्या छताचा अंदाजपत्रकासह प्रस्ताव द्यावा. नुसत्या ‘विकासासाठी मदत करा’ अर्जाला कोण विचारतं! आधी कंपनीच्या वेबसाइटवर मंजूर प्रकल्पांची यादी बघा, ती टाकणं बंधनकारक आहे. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च मात्र यात धरत नाहीत.