पोकलेन ट्रेलरवर चढलं, पुढं काय?

लो-बेडवर, म्हणजे कमी उंचीच्या ट्रेलरवर, मशीन बांधण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सात इथं घेतले आहेत. उरलेल्यांत निम्म्याहून जास्त प्रश्न ‘कुठल्या कंपनीचं रॅचेट घेऊ’ असे होते. कंपनी सांगणार नाही. रॅचेटवर, म्हणजे साखळी आवळायच्या स्क्रूच्या साधनावर, क्षमतेचा आकडा ठोकलेला नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, एवढं सांगतो.

प्रश्न : वीस टनी पोकलेनला चार कोपऱ्यांना चार साखळ्या आणि चार रॅचेट लावतो. परवा लांबोटीजवळ जोरात ब्रेक मारावा लागला, तर मशीन चार बोटं पुढं सरकलं. रॅचेट तर कडक होते. चुकलं कुठं? (ट्रेलरमालक, मोहोळ)

रॅचेट कडक होतं म्हणजे साखळीतला ढिलेपणा निघाला होता, एवढंच. मशीन धरून ठेवतो तो साखळीचा कोन, तिची जाडी आणि ट्रेलरच्या फळीची पकड. तुमच्या मशीनचा हिशेब मांडू, मग बघा.

जोराच्या ब्रेकला माल पुढं जातो तो आपल्या वजनाच्या 0.8 पट जोराने, असं धरून बांधायचं. युरोपच्या मानकात आणि अमेरिकेच्या नियमात, दोन्हीकडे पुढच्या दिशेला हाच आकडा आहे. वीस टनाचे झाले 16 टन. लोखंडी ट्रॅक कोरड्या लाकडी फळीवर असेल तर घर्षण साधारण 0.3 धरतात, म्हणजे 6 टन फळी सांभाळते. उरले 10 टन. आता चारपैकी किती साखळ्या मशीनला मागं ओढतात? दोनच. पुढच्या दोन साखळ्या ब्रेकच्या क्षणी सैल पडतात. म्हणजे एकेका मागच्या साखळीला लांबीच्या दिशेने 5 टन झेलायचे आहेत.

खरी गंमत कोनात आहे. साखळी फळीपासून 45 अंश उभी आणि शिवाय बाजूलाही 45 अंश फाकलेली असेल, तर तिच्यातल्या ताणाचा निम्माच भाग मशीनला मागं धरतो. 5 टन झेलायला तिच्यात 10 टन ताण येतो. तीच साखळी ट्रेलरच्या लांबवरच्या कडीला नेऊन दोन्ही कोन 30 अंशांवर आणले तर पाऊण भाग कामी येतो आणि ताण 6.7 टनांवर उतरतो. साखळी तीच, रॅचेट तेच, कडी फक्त तीन फूट मागची. आपल्याकडे बहुतेक जण जवळची कडी धरतात, कारण साखळी आखूड पडते. म्हणून लांब साखळी घ्या, आणि वीस टनाला 13 मिमीची घ्या. 10 मिमीच्या साखळीला 30 अंशांतही हा ताण जास्तच होतो.

आणि चिखल. काळ्या रानातून मशीन थेट ट्रेलरवर चढवलं की ट्रॅकच्या पट्ट्यांत माती गच्च बसलेली असते. ओली माती म्हणजे फळीवर लोणी. घर्षण 0.3 वरून 0.1 पर्यंत आलं तर फळी 6 ऐवजी 2 टनच सांभाळते आणि कमी पडलेले 4 टन तुमच्या दोन साखळ्यांवर येतात. फावडं घ्या, ट्रॅक खरवडा, फळी झाडा. दहा मिनिटांचं काम आहे. मशीन उभं राहिल्यावर ट्रॅकच्या पुढं लाकडी ठोकळा ठोकलात तर साखळ्यांचा भार आणखी हलका होईल.

मशीन सरकलं तिथं फळीवर चकचकीत पट्टा पडला असेल. तो मोजून ठेवा. पुढच्या खेपेला कोन बदलून बांधा आणि पट्टा वाढतो का ते बघा.

प्रश्न : स्टोअरमध्ये 10 मिमी ग्रेड 80 च्या दोन साखळ्या आल्या. एकीच्या टॅगवर 3.15 टन आहे, दुसरीवर 6300 डीएएन. मालक म्हणतात एक टॅग खोटा आहे. (स्टोअरकीपर, चिंचोळी एमआयडीसी)

दोन्ही खरे आहेत. (ग्रेड म्हणजे साखळीच्या पोलादाच्या ताकदीचा दर्जा.) एक डीएएन, म्हणजे डेकान्यूटन, म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा भार, म्हणजे दुसरा टॅग 6.3 टन सांगतो, बरोबर दुप्पट. पहिला आकडा उचलण्यासाठीचा आहे. क्रेनला लटकलेल्या वजनाखाली माणसं असू शकतात, म्हणून तुटण्याच्या ताकदीचा चौथा हिस्साच वापरायचा. दुसरा आकडा बांधण्यासाठीचा आहे. तिथं युरोपच्या मानकाप्रमाणे निम्मी ताकद वापरता येते. 13 मिमीला हेच आकडे 5.3 टन आणि 10,000 डीएएन असे येतात.

घोळ होतो तो हिशेबात. अमेरिकन पद्धतीचं रॅचेट घेतलं तर त्याच्यावरचा पौंडातला आकडा साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या हिशेबाचा असतो, आणि साखळीचा टॅग निम्म्याचा. दोन्ही एका ओळीत लिहून बेरीज केलीत तर मालकांचा संशय खरा ठरेल. एका सेटला एकच पद्धत ठेवा. बांधायला वापरलेली साखळी क्रेनच्या हुकात कधीच द्यायची नाही. त्यासाठी दोन्ही साखळ्यांचे खिळे वेगवेगळ्या भिंतींवर ठोका, एकाच खिळ्याला टांगलं की कुणीतरी चुकीची उचलतोच.

प्रश्न : बावीस वर्षं दांडीवाला (दांडी दाबून साखळी आवळायचा) बाइंडर वापरतोय. पाइप घालून ओढला की घोडा, म्हणजे दांडीचा सांधा, खटकन बसतो, दोन मिनिटांत गाडी हलते. रॅचेट फिरवत बसायला वेळ कुणाकडं आहे? (ड्रायव्हर, अक्कलकोट रोड)

माझा खालचा पुढचा एक दात खोटा आहे, तो दांडीवाल्याचाच प्रसाद. मशीन उतरवायचं होतं, दांडी हाताने उघडेना, म्हणून खालून पाइप घातला आणि वाकून रेटला. घोडा मध्य ओलांडून उलटला आणि साखळीतला सगळा ताण दांडीत आला. पाइप वर आला एवढंच आठवतं. त्यानंतर ओठात मिठाच्या पाण्याचा बोळा धरून मार्कंडेय रुग्णालयापर्यंत गेलो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, ‘बैलानं मारलं का?’

दांडीवाला बांधताना ताण एका झटक्यात साठवतो आणि सोडताना एका झटक्यात परत देतो. पाइपने दांडी दुप्पट लांब केली की तेवढ्याच जोरात साखळीवर दुप्पट ताण येतो. बाइंडरची क्षमता ओलांडली ते हाताला कळतच नाही. रॅचेटमध्ये दोन्ही टोकांना उलटसुलट आट्यांचे स्क्रू असतात. हँडलच्या प्रत्येक हेलकाव्याला ते थोडे थोडे आत येतात आणि सोडतानाही तसेच थोडे थोडे बाहेर जातात. हँडल अंगावर येत नाही. वेळ म्हणाल तर एका कोपऱ्याला दीड-दोन मिनिटं जास्त.

मात्र रॅचेटलाही पाइप घालू नका. हाताच्या जोरावर, म्हणजे साधारण 50 किलोच्या ओढीवर जेवढं बसतं तेवढंच त्याला बसायचं असतं. बसत नसेल तर साखळी एक कडी पुढं घेऊन हूक पुन्हा लावा. बहुतेक वेळा सुरुवातीला साखळी हाताने ओढून ताठ न केल्यामुळेच स्क्रू संपतात.

प्रश्न : जेसीबी बांधताना हूक कुठं लावायचा? आमचा ऑपरेटर पुढच्या बकेटमधून साखळी ओवतो. (बार्शी)

बकेटमधून ओवलेली साखळी बकेट धरते, जेसीबी नव्हे. हायड्रॉलिकचा दाब थोडा उतरला की बकेट बोटभर खाली येते आणि साखळी लोंबते. मशीनच्या अंगावर साखळीचं चित्र असलेली स्टिकरं असतात, हूक तिथंच. ती निघून गेली असतील तर मॅन्युअल उघडा. पाइप, शिडी, रेलिंग, सिलिंडरचा दांडा, यांतलं काहीही चालणार नाही.

जेसीबी साडेसात-आठ टनाचा असतो. अमेरिकेच्या नियमात 10,000 पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांवरच्या चाकाच्या किंवा ट्रॅकच्या मशीनला किमान चार बंध सांगितले आहेत, आणि अशा प्रत्येक बंधाची क्षमता किमान 5,000 पौंड. तेवढं धरून चाला. कोपऱ्याला एक साखळी, एक रॅचेट. एकच लांब साखळी दोन कड्यांतून ओवून मध्ये एक रॅचेट टाकला की तो बंध एकच धरा, कारण एक बाजू सुटली की दुसरी आपोआप सुटते. पुढची बकेट फळीवर टेकवा, मागच्या बूमची (लांब हाताची) आणि स्विंगची (तो बाजूला फिरण्याची) लॉक पिन घाला, मग त्या बूमलाही वेगळी साखळी.

पोकलेनलाही बूम खाली, बकेट टेकवलेली, स्विंग लॉक आणि बकेटला पाचवी साखळी. रस्त्याच्या रोलरला मधल्या सांध्याचं लॉक विसरतात, आणि गुळगुळीत ड्रम लोखंडी फळीवर साबणासारखा सरकतो. खाली जुन्या टायरचं रबर घाला.

प्रश्न : रॅचेट दोन महिन्यांत जाम होतात. रोज भरपूर ग्रीस लावतो तरी. (दोन ट्रेलरच्या मालकीणबाई, दक्षिण सोलापूर)

ताई, ‘तरी’ नव्हे, त्यामुळेच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची धूळ तुम्हाला सांगायला नको. खडी क्रशरच्या बाजूने एक खेप मारली तरी काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. ती धूळ ताज्या ग्रीसवर बसली की आट्यांत पॉलिश पेपरचा लगदा तयार होतो आणि प्रत्येक हेलकाव्याला स्क्रू खातो.

आधी तारेच्या ब्रशने आट्या कोरड्या घासा, जुनं ग्रीस कापडाने पूर्ण पुसा, मग आट्यांवर बोटाने पातळ थर द्या, इतका पातळ की आट्या दिसत राहतील. कुत्र्याला, म्हणजे रॅचेटच्या खटक्याला, ग्रीस लावूच नका. तिथं पातळ तेलाचे दोन थेंब. ग्रीसने खटका चिकटतो, स्प्रिंग त्याला दाबत नाही आणि तो दातात पूर्ण न बसता नुसता टेकतो. ऐकून ओळखता येतं. चांगला खटका ‘टक’ करतो, चिकटलेला ‘फस’. फस ऐकू आलं की ते रॅचेट बाजूला ठेवा.

आणखी एक. रॅचेट ट्रेलरवर रिकामे लोंबत ठेवू नका, पूर्ण आत फिरवून गोणपाटात गुंडाळा. स्क्रू बाहेर काढून ठेवले की पावसात आट्याच गंजतात.

प्रश्न : किती वेळा थांबून तपासायचं? आणि मशीनच्या रुंदीचं काय? (तुळजापूर)

अमेरिकेत पहिल्या 50 मैलांच्या, म्हणजे 80 किलोमीटरच्या आत एकदा, नंतर दर तीन तासांनी किंवा 150 मैलांनी, जे आधी येईल तेव्हा. आपल्या रस्त्यांवर मी तेवढी वाट बघत नाही. सोलापूरहून पुण्याकडं निघालो की सावळेश्वरच्या टोलनाक्याआधी उतरतो, तुळजापूरकडं जाताना तामलवाडीच्या अलीकडं, म्हणजे घाट लागायच्या आधी. सुरुवातीच्या धक्क्यांत ट्रॅक फळीत बसतो, माती दबते, टायर खाली जातात आणि साखळी कडीभर सैल होते. प्रत्येक साखळीवर हात टाका, हँडलला बांधलेली तार जागेवर आहे का ते बघा. हँडल साखळीला समांतर दुमडून तारेने बांधायचंच असतं, नाहीतर रस्त्याच्या थरथरीने ते स्वतःच फिरतं.

रुंदीचं विचारलंत म्हणून सांगतो. नियमाने गाडीची रुंदी 2.6 मीटर, वीस टनी पोकलेन सहसा 2.8 मीटरच्या आसपास. परवानगी काढल्याशिवाय निघू नका. माल बाजूला बाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1अ) खाली 20,000 रुपये दंड आहे, उतरवण्याचा खर्च वेगळा.

प्रश्न : साखळीची एक कडी ताणून लांबट झाली आहे. वेल्डिंग करून घेऊ का? (पंढरपूर)

नाही. ग्रेड 70, 80 ची साखळी भट्टीत तापवून थंड करून कडक केलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती ताकद तिथेच जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नट-बोल्ट घालून जोडणंही तेच. लांबट झालेली, वाकलेली किंवा घासून दहा टक्के पातळ झालेली, म्हणजे 10 मिमीची 9 वर आलेली कडी असेल तर साखळी बाद.

बाद साखळी अख्खी भंगारात देऊ नका. ग्राइंडरने हात-हात लांबीचे तुकडे करा, मगच द्या. मागं एका भंगारवाल्याकडं मी टाकलेली साखळी रंग मारून टांगलेली दिसली. लांबट कडी खालून सातवी होती, म्हणून ओळखली. विकत घेऊन घरी आणली आणि त्याच संध्याकाळी कापली.