सहा लाख हवेत, पण हक्कसोडपत्रावर सही करू का?

ताई, मी ३४ वर्षांची, सांगलीत विश्रामबागेत भाड्याने राहते. एका खासगी दवाखान्यात हिशेबाचं काम करते, नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत आहे. दोघांचे मिळून महिन्याला ५८ हजार हातात येतात, त्यातले नऊ हजार भाड्यात जातात. ३२ लाखांचा फ्लॅट पसंत केलाय, बांधकाम चालू आहे. बँक २५ लाख देते म्हणाली. आमच्याकडे साडेतीन लाख साठलेत. बिल्डर म्हणतो, दसऱ्याच्या आत पाच लाख भरा, करार मागाहून करू. माहेर तासगाव तालुक्यातलं, चार एकर द्राक्षबाग. दादाकडे शब्द टाकला तर म्हणाला, सहा लाख देतो, फक्त हक्कसोडपत्रावर सही कर. आण्णा काही बोलत नाहीत. आई म्हणते, भावाशी वाकडं घेतलंस तर माहेर तुटेल. नवरा म्हणतो, नाहीतरी तू जमीन मागणार नव्हतीस, मग सही करायला काय झालं? खरंच मी मागणार नव्हते. पण त्या दिवसापासून झोप नाही. मी लोभी झालेय का?
— एक लेक, विश्रामबाग

अगं, तू लोभी नाहीस. तू मदत मागितलीस आणि समोरून व्यवहार आला. जमीन कधीच मागितली नसती हे खरं असेल, पण आपण होऊन न मागणं वेगळं आणि गरजेच्या वेळी कोणी लिहून घेणं वेगळं. झोप त्यामुळेच गेली आहे. मी सरळ सांगते, या फ्लॅटसाठी, या दसऱ्याच्या आत, ती सही करू नकोस.

आधी दादाची बाजू बघू, कारण तो वाईट माणूस आहे असं तुझ्या पत्रात कुठेच दिसत नाही. द्राक्षबागायतदाराचं वर्ष कसं जातं हे तू लहानपणापासून पाहिलंयस. छाटणी, औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज आणि माल हाताशी आला की अवकाळी. आई-आण्णांचं दुखणंखुपणं तो आणि वहिनी बघतात. उद्या बहीण हिस्सा मागायला आली तर बाग तुटेल, ही त्याची भीती खरी आहे. तिच्यावर बोलायला हवं. पण ते घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून, वर्षभर वेळ घेऊन बोलायचं. बहिणीच्या डोक्यावर बिल्डरची तारीख टांगलेली असताना नव्हे.

आता जमिनीचं. सातबारा ऑनलाइन निघतो, जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, तलाठी कार्यालयातून काढ. ही चार एकर आण्णांनी स्वतः विकत घेतली की आजोबांकडून आली, हे त्यात कळेल. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणून तो हक्क जात नाही. जमीन आण्णांनी स्वतः कमावलेली असेल, तर त्यांच्या हयातीत ती सर्वस्वी त्यांची. मग आज तुझ्याकडे सोडण्यासारखा हक्कच नाही, आणि पुढे कधीतरी मिळेल अशा वारशाचं हक्कसोड कायदा आज मानत नाही. तरीही पैसे घेऊन तसं लिहून दिलंस, तर तोच कागद उद्या तुझ्याविरुद्ध उभा राहू शकतो. आजोबांकडून आलेल्या जमिनीतही ती आण्णांकडे कधी आणि कशी आली यावर बरंच ठरतं. म्हणून फेरफार घेऊन दिवाणी वकिलाला दाखव, आणि तो वकील दादानं ठरवलेला नको.

हक्कसोडपत्र ही घरच्या घरी केलेली चिठ्ठी नसते. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं आणि एकदा झालं की मागे घेणं जवळजवळ अशक्य. बहिणींच्या बऱ्याच हक्कसोडपत्रांत ‘विनामोबदला, प्रेमापोटी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे दादा सहा लाख देणार आणि कागद म्हणणार की काहीच दिलं नाही. उद्या भावाबहिणीत बिनसलं, तर हेच सहा लाख उसने होते असंही कोणी म्हणू शकेल. तासगावच्या चार एकर बागेतला तुझा संभाव्य वाटा आज किती रुपयांचा, हे तुझ्या घरात कोणी मोठ्यानं मोजलं आहे का? तू घे म्हणत नाही मी. सोडतेयस ते किती आहे हे ठाऊक असू दे, एवढंच.

आता घराचा हिशेब, कारण खरी निकड तिथे आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँकेला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं. तुमच्या पगाराकडे बघून तिनं २५ ठरवले. राहिले सात. त्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वादोन लाख, जे बँक घराच्या किमतीत धरत नाही. बांधकाम चालू असल्यानं, ४५ लाखांच्या आतल्या आणि ९० चौरस मीटरपर्यंतच्या घराला एक टक्का जीएसटी. हे सगळं मिळून साडेनऊ लाख होतात आणि त्यातले सहा कमी पडतात. खरेदी फक्त तुझ्या नावावर केलीत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ३२ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव खरेदीत घातलंत की ती मिळत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज बसतं. नावावर कुठेही पक्कं घर नसेल तर तुम्ही त्यात येता. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात, पण पाच वार्षिक हप्त्यांत आणि थेट कर्जखात्यात. ‘योजनेचे पैसे येतील, त्यातून भरा’ असं बिल्डर म्हणाला तर मान डोलावू नकोस, कारण सुरुवातीच्या रकमेला ते कामी येत नाहीत.

करार मागाहून करू, हे बिल्डरचं बोलणं मला दादाच्या अटीपेक्षा जास्त खटकलं. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना बिल्डरपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. तुमच्या बाबतीत हे ३ लाख २० हजार होतात आणि तो पाच मागतोय. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचा प्रकल्प नोंदलेला आहे का ते आजच बघा. आणि आपण सांगलीकर आहोत, म्हणून आणखी एक विचारा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्या जागेपाशी पाणी कुठवर आलं होतं? बिल्डरला नव्हे, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा.

मग सहा लाख आणायचे कुठून? पहिली गोष्ट, तारीख पुढे ढकला. २५ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २१,७०० च्या आसपास बसेल. आज तुम्ही नऊ हजार भाडं देता. वरचे १२,७०० पुढच्या महिन्यापासून दर पगाराला बाजूला काढा, जणू हप्ता सुरू झालाय. ही रंगीत तालीम आहे. वर्षात दीड लाख जमतील, आणि हप्ता झेपतो की नाही हे कर्ज घेण्याआधीच कळेल. दोघांच्या पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते, ती परत भरावी लागत नाही. किती निघेल ते विचारा, पण सगळी काढू नका, म्हातारपण तिथेच ठेवलेलं असतं. पतसंस्थेचं किंवा वैयक्तिक कर्ज काढून सुरुवातीची रक्कम भरण्याचा विचारही नको. ते दिसलं की बँक २५ चे २० करते आणि हप्ते दोन होतात. इतकं करूनही कमी पडलं तर २६-२७ लाखांचा फ्लॅट बघा. विश्रामबागेतच घर हवं असा हट्ट नवऱ्याचा असेल, तर तो त्यानं आपल्या जोरावर करावा, तुझ्या सहीवर नाही.

दादाकडे मदत मागायला मी मना करत नाही. वेगळ्या तऱ्हेनं माग. सहा नव्हे, दोन किंवा तीन लाख, आणि उसने. त्याला म्हण, “दादा, बागेचं आणि घराचं एकत्र नको करूयात. मला तीन लाख उसने दे, मी दर महिन्याला पाच हजार परत करीन, लिहून देते. जमिनीचं आपण दिवाळीनंतर आण्णांसमोर बसून बोलू, मला तुझी काळजी कळते.” पाच हजारांनी तीन लाख पाच वर्षांत फिटतात. बँकेला हे कर्ज सांगायचं, लपवायचं नाही. पैसे बँकेतूनच घ्या. बागेचे पैसे रोख आलेले असले तरी आधी त्याच्या खात्यात जाऊ देत. २० हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीनं घेतले तर आयकर खातं तेवढाच दंड करू शकतं. प्रेमानं भेट म्हणून दिले, तर सख्ख्या भावाकडून किंवा आईवडिलांकडून आलेल्या रकमेवर तुला कर नाही. बँक त्याचं साधं पत्र मागते.

त्यावर दादा नाही म्हणाला तर? नाही म्हणू देत. राग धरू नकोस, भाऊबीजेला जा. आईनं माहेर तुटेल म्हटलं ते भीतीपोटी. तिला विचार, तिच्या माहेरच्या जमिनीचं काय झालं होतं आणि तिनं कुठे सही केली होती का. ती काय सांगते ते ऐक. आण्णांशीही एकटीनं बोल. ते गप्प आहेत म्हणजे दादाच्या बाजूनं आहेत असं धरून चालू नकोस. जमीन त्यांची स्वतःची असेल तर ते मृत्युपत्र करू शकतात, वडिलोपार्जित असेल तर रीतसर वाटणीपत्र होऊ शकतं. दादाची भीती घालवण्याचे हे रस्ते आहेत, आणि त्यासाठी तुझं घर अडवायची गरज नाही.

वर्षभरानं, पैशाची गरज नसताना, कागद बघून, किंमत ठाऊक असताना तुला वाटलं की बाग दादाचीच राहावी, तर खुशाल सोड. तेव्हा मी तुला अडवणार नाही. या आठवड्यात मात्र फेरफार काढ, आणि बिल्डरला लेखी कळव की नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांपुढे एक रुपयाही भरणार नाही.