क्रांतिक बिंदू : नेहमीचे काही प्रश्न

तप्त आणि दाट अणुकेंद्रीय द्रव्याची प्रारूपे मांडणाऱ्या विद्यार्थ्यांकडून तेच ते संभ्रम वारंवार येत असल्याने काही प्रश्न येथे घेतले आहेत. पुरेशा तापमानाला हे द्रव्य जणू वितळते आणि त्यातील क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात; हे स्थित्यंतर कमी घनतेला सलग, तर जास्त घनतेला एकदम होत असावे, आणि या दोन प्रकारांमधील सीमेवरचा अपेक्षित बिंदू म्हणजे क्रांतिक बिंदू.

प्रश्न : क्रांतिक बिंदू सापडल्याचे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : नाही. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत अणुकेंद्रांच्या टकरी तपासणाऱ्या ‘स्टार’ प्रयोगात प्रोटॉनसंख्येच्या चढउतारांत लक्षवेधी विचलने दिसली आहेत, आणि मथळे वाचून झाले असल्यास आता मूळ आलेख पाहावेत.

प्रश्न : बॅरिऑनांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची) निव्वळ घनता शून्य असताना स्थित्यंतराचे नेमके तापमान किती?

उत्तर : सुमारे १५६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जवळपास १.८ लाख कोटी केल्विन. तेथील बदल सलग असल्याने ‘नेमके’ हा शब्द मात्र जपून वापरावा.

प्रश्न : मग जास्त घनतेलाही थेट लॅटिस गणनच (अवकाश-काळाची जाळी कल्पून केलेले संगणकीय गणन) का करू नये?

उत्तर : तेथे क्षेत्रांच्या निरनिराळ्या रचनांचे भारांक संमिश्र संख्या होतात, त्यांना संभाव्यता मानता येत नाही आणि यादृच्छिक नमुने घेणारी मॉन्टे कार्लो पद्धत अडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी टेलर विस्ताराची, म्हणजे शून्य घनतेच्या उत्तरांवरून घातश्रेणीने पुढे जाण्याची, वाट धरली, ती याचसाठी.

प्रश्न : माझ्या नांबू–योना-लासिनिओ प्रारूपाचा (क्वार्कांमधील बलाचे सोपे रूप घेणाऱ्या प्रारूपाचा) वक्र ‘स्टार’च्या बिंदूंमधून जातो. शोधनिबंध पाठवू का?

उत्तर : थांबा. या प्रारूपाचे प्राचल पायॉन या कणाच्या वस्तुमानासारख्या निर्वातातील राशींवरून ठरवलेले असतात. क्वार्कांमधील सदिश प्रतिकर्षण थोडे वाढवले की क्रांतिक बिंदू सरकतो, कधी नाहीसाही होतो, त्यामुळे वक्र जुळणे हा पुरावा ठरत नाही. दुसरे असे की तुमचे गणित समतोलातील अमर्याद द्रव्याचे आहे, तर टकरीतून निर्माण होणारा अग्निगोल जेमतेम १०⁻²³ सेकंदांच्या मानाने टिकतो. क्रांतिक बिंदूजवळ द्रव्याचा प्रतिसाद मंदावतो आणि सहसंबंध लांबी (चढउतार जितक्या अंतरापर्यंत एकमेकांशी निगडित राहतात ते अंतर) दोन-तीन फेर्मीच्या (एक फेर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) पलीकडे वाढायला वेळच मिळत नाही. चढउतारांच्या वितरणाचा आकार सांगणारा चौथा संचयक या लांबीच्या सातव्या घाताने वाढतो, म्हणजे दोनऐवजी तीन फेर्मी धरल्यास उत्तर सतरापट होते, आणि एवढी मोकळीक असेल तर कोणताही वक्र कोठूनही नेता येतो! शिवाय शोधकाला न्यूट्रॉन दिसत नाहीत. प्रोटॉनांची मोजणी ही बॅरिऑनांची मोजणी नव्हे. बॅरिऑनसंख्येची अक्षय्यता आणि टकरीगणिक बदलणारे आकारमान यांमुळेही, क्रांतिक बिंदू नसताना, हे आकडे हलतात. म्हणून आधी क्रांतिक बिंदू नसलेली आधाररेषा काढा आणि प्रायोगिक गटातील जाणकाराला दाखवा, तेही निबंध पाठवण्यापूर्वी. परीक्षकाचा शेरा आल्यावर धावपळ करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रश्न : सहा आठवड्यांत तयार संगणक आज्ञावलीसह शोधनिबंधाची हमी देणारा सशुल्क वर्ग घ्यावा का?

उत्तर : पैसे वाचवा. हमी विकली जाते तेथे संशोधन नसते; विषय मार्गदर्शकांशी बोलून ठरवावा.

प्रश्न : पुढची मोजमापे कोठे होतील?

उत्तर : जर्मनीत डार्मश्टाट येथे उभारल्या जात असलेल्या ‘फेअर’ या कणत्वरक संकुलातील ‘सीबीएम’ प्रयोगाकडे, विशेषतः जास्त घनतेसाठी, लक्ष ठेवावे.