पिवळं दिसलं म्हणून शांटरेल नाही

प्रश्न : डोंगरातल्या जंगलात पावसानंतर पिवळेधमक मशरूम दिसले, फोटो अ‍ॅपमध्ये टाकला तर शांटरेल, म्हणजे एक खाण्याजोगं रानमशरूम, असं नाव आलं. खाल्ले तर चालतील का? मित्र म्हणतो किडे खातात म्हणजे आपल्यालाही चालतं, आणि शंका असेल तर उकळताना चांदीचा चमचा टाकायचा, काळा पडला तर फेकून द्यायचे.

उत्तर : नुसत्या अ‍ॅपच्या भरवशावर खाऊ नका, प्लीज. आणि चमचा नि किडे हे तर डोक्यातूनच काढून टाका, जीवघेणे मशरूमसुद्धा गोगलगायी आरामात खातात आणि त्यांच्यात चमचा काळा पडेलच असं काही नाही.

आधी मशरूम उलटा करून बघा. खऱ्या शांटरेलला टोपीखाली पानांसारख्या पातळ सुट्ट्या पट्ट्या, म्हणजे गिल्स, नसतात, तिथे जाडसर बोथट कंगोरे असतात, त्यांना मध्येच फाटे फुटतात आणि ते देठावर असे उतरत जातात की टोपी कुठे संपली नि देठ कुठे सुरू झाला तेच कळत नाही. नखाने खरवडलं तरी कंगोरा अख्खा सुटून येत नाही कारण तो गराचाच भाग असतो. मग उभा चिरा, आतून पांढरट आणि भरीव हवा. वास बऱ्याचदा जर्दाळूसारखा येतो, पण एकट्या वासावर जाऊ नका.

गफलत होते ती जॅक-ओ-लँटर्न नावाच्या विषारी मशरूमशी. तो लाकडावर झुबक्याने येतो, पण लाकूड मातीत गाडलेलं असलं की जमिनीतूनच उगवलाय असं वाटतं, म्हणून मी चिरून बघा म्हणते, तो आतूनही नारिंगी असतो आणि गिल्स पातळ धारदार. खाल्ला तर काही तासांत जोरदार उलट्या. त्याहून भीती डेडली वेबकॅप या मशरूमची, गंजासारखा तपकिरी-नारिंगी, शांटरेल येतात त्याच सूचिपर्णी जंगलात शेवाळात उगवतो. त्यातलं ओरेलानिन हे विष किडनी निकामी करतं, शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला २-३ दिवस ते २-३ आठवडेही लागतात, तोवर आपण काय खाल्लं होतं हे माणूस विसरून गेलेला असतो. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवलीत तर वेबकॅपच्या बीजाणूंची भुकटी गंजाच्या रंगाची पडते, शांटरेलची फिकट.

हे सगळं जुळलं तरी पहिल्या वेळी जाणकार माणसाला प्रत्यक्ष मशरूम दाखवा, फोटो नाही. त्याने हो म्हटलं की नीट शिजवून थोडेच खा, कच्चे नको, आणि एक-दोन न शिजवता फ्रीजमध्ये ठेवा, काही झालंच तर डॉक्टरांना दाखवता येतात.

प्रश्न : कापून घ्यायचे की उपटून? आणि घरी लावता येतील का?

उत्तर : ओळख पक्की नसेल तर बुडासकट काढा, कारण ओळखायला बूड लागतं. पक्की असेल तर कापा, टोपलीत माती कमी येते. पुढच्या पिकाला दोन्हीने फरक पडत नाही, स्वित्झर्लंडमध्ये १९७५पासून २९ वर्षं हे तपासलं गेलं, मशरूमची संख्या घटली ती जमीन पायाखाली तुडवल्याने. तेव्हा घोळक्याने जाऊ नका, शेवाळ उकरू नका.

घरी मात्र जमणार नाही. शांटरेलची बुरशी जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेली असते, साखर झाडाकडून घेते नि त्याला पाणी, खनिजं पुरवते, त्यामुळे भुशाच्या पिशवीत ती येत नाही. जागा सापडली असेल तर लक्षात ठेवा, झाडं टिकली तर तिथेच पुन्हा येतात.