३०९ व्हिसा: पैसे भरण्याआधी विवाह प्रमाणपत्राचा इंग्रजी भाग वाचा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं लग्न साताऱ्याला झालंय, मिस्टर मेलबर्नला आहेत, ३०९ ची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या जोडीदार व्हिसाची, फाइल जवळजवळ तयार आहे. फक्त विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर मिस्टरांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं पडलंय, आणि एजंट म्हणतोय, "एक ॲफिडेव्हिट जोडू, चालून जाईल." ताई, हेच वाक्य मी २०१९ मध्ये ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

पीसीसी (पोलिसांचा दाखला), मेडिकल, इमीअकाउंट (ऑनलाइन अर्जाचं खातं) हे तुम्हाला ठाऊक आहे असं पोस्टवरून दिसतं, ते सोडून देते. मी एजंट नाही, वकीलही नाही. स्वतःची एक फाइल आणि नंतर ओळखीतल्या पाच-सहा जणींच्या फाइली जवळून बघितल्या, तेवढ्यावर बोलतेय. नियम बदलतात, त्यामुळे शेवटची खात्री होम अफेअर्सच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या, संकेतस्थळावरूनच करा.

आमचं लग्न फेब्रुवारी २०१९ मध्ये झालं. मिस्टरांची रजा तीन आठवड्यांची, त्यामुळे नोंदणी घाईघाईत, परतीच्या विमानाच्या चार दिवस आधी केली. तीन साक्षीदार रजा काढून आलेले, भटजींची सही आदल्या दिवशी घेतलेली, बाहेर ही गर्दी. खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्राचा मसुदा पुढे केला आणि म्हणाल्या, वाचून सही करा. मी वाचला. मराठी भाग अक्षर न् अक्षर वाचला, अगदी बरोबर होता. इंग्रजी भागावरून नुसती नजर फिरवली. मिस्टरांच्या नावात 'एस' नंतरचा 'एच' नव्हता, आणि सासऱ्यांच्या नावात 'व्ही' च्या जागी 'डब्ल्यू' होता. दोन अक्षरं. घरी आल्यावर दिसलं तेव्हा सगळेच म्हणाले, "मराठीत बरोबर आहे ना, मग झालं." जुलैमध्ये ॲफिडेव्हिट जोडून अर्ज भरला.

नोव्हेंबरमध्ये व्हिसा अधिकाऱ्यांकडून जास्तीच्या माहितीची मागणी आली. पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्रावरची नावं जुळत नाहीत, खुलासा द्या, मुदत २८ दिवस. ॲफिडेव्हिट त्यांनी पाहिलेलं होतं. तेव्हा मला कळलं की ॲफिडेव्हिट म्हणजे आपणच आपल्याबद्दल केलेलं निवेदन. मूळ सरकारी नोंद चुकीची असताना त्याचं वजन किती पडेल हे समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असतं. काहींचं चालून गेलंय, मला माहीत आहे. माझं गेलं नाही.

मग स्पेलिंग दुरुस्त करून घ्यायला सुरू झाल्या त्या विवाह नोंदणी कार्यालयाच्या फेऱ्या. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं की एकदा नोंद झाली की ती बदलत नाही. दुसऱ्या फेरीत कळलं की बदलते, पण नवऱ्याला समक्ष आणा. तो मेलबर्नला आहे म्हटल्यावर, मुखत्यारपत्र आणा. मिस्टरांनी तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित केलं, कुरिअरने पाठवलं. ते घेऊन गेले तर खुर्चीवर दुसरेच साहेब होते, आणि त्यांना मुखत्यारपत्र चालत नव्हतं. पुढच्या गुरुवारी या. गुरुवारी साहेब मीटिंगला. एकदा तर माझा अर्जच सापडेना, आणि माझ्याकडे तो दिल्याचा काहीही पुरावा नव्हता, कारण मी पोच घेतलीच नव्हती. बाकावर बसून रडले त्या दिवशी. माझे वडील, वय ६८, माझ्याबरोबर त्या जिन्यावर किती वेळा चढले-उतरले असतील!

शेवटी एका शेजाऱ्यांनी वाट दाखवली. अर्ज नव्याने लिहिला, दोन प्रतींत. एक दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. त्याच दिवशी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला: इंग्रजी स्पेलिंगची दुरुस्ती कोणत्या नियमाने नाकारली जाते, त्याची प्रत द्या. माहिती अधिकाराचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. उत्तर काही आलं नाही, बोलावणं आलं. वरच्या अधिकाऱ्यांनी पासपोर्टची प्रत बघितली, मूळ ज्ञापन, म्हणजे नोंदणीच्या वेळी आम्ही भरून दिलेला फॉर्म, काढायला सांगितलं. त्या ज्ञापनात आम्ही स्पेलिंग बरोबरच लिहिलेलं होतं, चूक टंकलेखनात झाली होती! दहा मिनिटांत दुरुस्त प्रमाणपत्र हातात. त्या दहा मिनिटांसाठी अकरा आठवडे गेले.

तोवर फेब्रुवारी २०२० उजाडला होता. मुदत संपण्याआधी आवक क्रमांक असलेली प्रत जोडून मी वेळ वाढवून मागितली होती, म्हणून अर्ज तरी वाचला. पण २० मार्चला ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या, त्याच आठवड्यात इथली आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. व्हिसा ऑगस्टमध्ये आला, आणि ऑक्टोबरमध्ये मी सिडनीला उतरून १४ दिवस हॉटेलमध्ये विलगीकरणात काढले, कारण तेव्हा मेलबर्नला बाहेरून येणारी विमानं उतरतच नव्हती. ते अकरा आठवडे गेले नसते तर मी मार्चच्या आधी पोचले असते का? सिद्ध करता येणार नाही. पण मला मनोमन तसंच वाटतं, आणि अजूनही वाईट वाटतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. तुम्ही अजून पैसे भरलेले नाहीत. फी आता नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. महिना-दीड महिना थांबा, दुरुस्त प्रमाणपत्र घ्या, मग अर्ज करा. एजंटला घाई असेल तर ती त्याची आहे. भारतात बसलेल्या एजंटला ऑस्ट्रेलियाची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे तुमचा एजंट तिथल्या सरकारी यादीत आहे का हेही बघून घ्या. यादी ऑनलाइन खुली आहे.

नावाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते, कारण हे आपल्याकडेच घडतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात ना? माझं पाळण्यातलं नाव वेगळं, कागदावरचं वेगळं आणि तांदळातलं तिसरंच. तो फोटो मी हौसेने फाइलीत टाकला होता. फॉर्म ८० मध्ये, म्हणजे स्वतःच्या सविस्तर माहितीच्या फॉर्ममध्ये, 'तुम्ही दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखल्या गेलात का' असा प्रश्न असतो आणि तिथे मी 'नाही' लिहिलेलं. अशी विसंगती ठेवू नका. नाव कायद्याने बदललं नसलं तरी सासरी त्याच नावाने हाक मारत असतील तर ते लिहा आणि प्रथा दोन ओळींत समजावून सांगा. लग्नपत्रिकेचं भाषांतरही तपासा. माझ्या भाषांतरकाराने 'चि. सौ. कां.' हे माझं पहिलं नाव समजून जसंच्या तसं टाइप केलं होतं. भाषांतर भारतात केलं तर चालतं, मात्र भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, पात्रता आणि अनुभव त्यावर हवा. आणि मावशीला किंवा मित्राला फॉर्म ८८८ (तुमच्या नात्याबद्दल ओळखीच्यांनी द्यायचं निवेदन) भरायला द्याल तेव्हा त्यात तुमचं पासपोर्टवरचं नाव लिहायला सांगा, घरातलं लाडाचं नको. भरणारी माणसं निदान दोन हवीत, शक्यतो ऑस्ट्रेलियाची नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी). तुम्हाला दोघांनाही खरोखर ओळखणारा माणूस बघा, नुसता हुद्दा मोठा असून उपयोग नाही.

बाकी पुराव्यांबद्दल थोडक्यात. व्हिसा अधिकारी नातं चार अंगांनी बघतात: पैसा, घरसंसार, समाजातली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. लग्न झालेलं असल्याने बारा महिने एकत्र राहिल्याची अट तुम्हाला नाही, ती लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना असते. तरी आपल्याकडे अडतं ते घरसंसारावर, कारण सासरी राहणाऱ्या सुनेच्या नावावर ना भाडेकरार ना विजेचं बिल. मी शिधापत्रिकेत सासरी नाव चढवलं, आधारचा पत्ता बदलला, विम्याला आणि पीपीएफला मिस्टरांना वारस लावलं, त्यांनी तिकडे सुपरॲन्युएशनला (निवृत्तीच्या फंडाला) मला लावलं. दरमहा येणाऱ्या पैशांच्या बँकेच्या नोंदी दिल्या. लग्नकार्यालयाची पावती आणि केटररचं बिलसुद्धा टाकलं. व्हॉट्सॲपचे हजार स्क्रीनशॉट नकोत. महिन्यातून दोन-तीन पानं, तीही कशाबद्दल बोलणं आहे ते कळेल अशी. फोटो पंधरा-वीस पुरेत, पण प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. अपलोड करायची प्रत्येक फाइल ५ एमबीच्या आत ठेवा.

दोघांची निवेदनं स्वतंत्र लिहा, एकमेकांची नक्कल नको, पण साखरपुडा, लग्न आणि प्रवास यांच्या तारखा आधी फोनवर जुळवून घ्या. आमच्या साखरपुड्याची तारीख मिस्टरांनी एक दिवस चुकीची लिहिली होती, सुदैवाने भरण्याआधी सापडली. आणि ठरवून केलेलं लग्न असेल तर तसंच लिहा. काही जणी घाबरून कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचं प्रेमप्रकरण करून सांगतात. कृपा करून तसं करू नका. कोणी स्थळ सुचवलं, पहिल्यांदा कुठे भेटलात, होकार द्यायच्या आधी किती वेळा बोललात, घरच्यांचा विरोध होता का, हे साधेपणाने लिहिलेलं वाचणाऱ्याला पटतं.

आता उद्याचं काम. नोंदणीच्या वेळी भरलेल्या ज्ञापनाची तुमच्याकडे प्रत आहे का ते शोधा. त्यात स्पेलिंग बरोबर असेल तर चूक कार्यालयाची आहे, आणि अर्जात हे पहिल्याच वाक्यात लिहा. नसेल तर मिस्टरांच्या पासपोर्टची स्वसाक्षांकित प्रत जोडा आणि मुखत्यारपत्राची तयारी आत्ताच सुरू करा. मजकूर कसा हवा हे कार्यालयाकडून लेखी मागा, तोंडी सांगितलेलं खुर्ची बदलली की बदलतं. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. नवीन प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून इंग्रजी भाग एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा, मागे कितीही रांग असली तरी. तीन साक्षांकित प्रती लगेच काढून घ्या. अर्ज केल्यापासून दोन वर्षांनी १०० च्या, म्हणजे कायमच्या व्हिसाच्या, टप्प्याला पुन्हा कागदपत्रं मागतात.

अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला निरोप पाठवा, माझा अजून जपून ठेवलाय.