बॉक्स लावलेली पिकअप चढाला काळा धूर टाकते, चारही इंजेक्टर बदलू का?

तुमची गाडी बीएस-४, टर्बो डिझेल, पॉवर वाढवणारा बॉक्स लावलेला, ईजीआर (जळालेल्या वायूंचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद केलेला. चढाला काळा धूर, सकाळी थोडा पांढरा, आणि फिटर म्हणतो चारही इंजेक्टर बदला. एवढ्यात खिसा मोकळा करू नका.

आधी बॉक्स काढा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, रेलच्या (इंजेक्टरना दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) सेन्सरचा मूळ सॉकेट परत जोडायचा. यातले बरेच बॉक्स एकच लबाडी करतात: रेलमध्ये दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतात. तो बिचारा दाब वाढवत राहतो, डिझेल जास्त जातं, हवा मात्र तेवढीच. स्कॅनर लावला तरी रेल प्रेशर ठीक दिसतं, कारण स्कॅनरही तोच खोटा आकडा वाचतो. बॉक्स ठेवून निदान करणं म्हणजे गरम चहा पिऊन लगेच ताप मोजणं.

माझीही गाडी अशीच होती. नारायणगावहून टोमॅटो घेऊन माळशेज उतरायचो, येताना हौद्यात रिकामे क्रेट. तरी घाट चढताना मागचे मोटारसायकलवाले शिव्या द्यायचे. भरलेल्या गाडीनं चढाला थोडा धूर टाकला तर समजू शकतो, रिकाम्या क्रेटला कसला आलाय लोड? बॉक्स काढला, धूर निम्मा झाला, पण गेला नाही. एका गॅरेजनं दोन इंजेक्टर बदलून बिल हातात दिलं. फरक शून्य.

शेवटी सापडलं ते इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होज पाइपवर. क्लॅम्पच्या खालच्या बाजूला, जिथं वरून नजर जात नाही, तिथं तेलकट ओल आणि त्यावर घट्ट बसलेली धूळ. पुसली तर नखाएवढी चीर. इंजिन बंद असताना ती मिटलेली असते, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब आला की तोंड उघडते आणि टर्बोनं दाबलेली हवा बाहेर जाते. न्यूट्रलमध्ये रेस करून हे कळत नाही, कारण लोडशिवाय बूस्ट फारसा होतच नाही. टर्बोच्या तोंडाचा पाइप सोडा, तिथं व्हॉल्व्ह लावलेलं बूच बसवा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा भरा (१ बारच्या वर नको) आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की तिथंच चोर. एअर फिल्टरही बघा, तो नुसता फुंकून परत बसवलेला असतो.

इथवर सगळं ठीक निघालं, तरच इंजेक्टर. तेही बदलायच्या आधी रिटर्न (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल) चेक करा: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन आयडलवर ठेवा. एक बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर झिजलाय. सगळ्या सारख्या आल्या तरी नोझल टपकत असू शकतं, त्यासाठी बेंचवर तपासा. आणि चालू इंजिनचा हाय प्रेशर पाइप कुणालाही ढिला करू देऊ नका. १,००० बारच्या वरचं डिझेल कातडीत घुसतं.

ईजीआर बंद केल्यानं काळा धूर सहसा वाढत नाही, उलट कमी होतो. वाढतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड, जे डोळ्यांना दिसत नाहीत. निळा धूर असता तर तेल जळतंय म्हणून टर्बोचं सील आणि रिंगा बघायला सांगितलं असतं.

सकाळच्या पांढऱ्या धुराचा वास घ्या. डोळे चुरचुरले तर न जळलेलं डिझेल, मग हीटर प्लग बघा. गोडसर वास आला आणि गाडी गरम झाल्यावरही धूर थांबला नाही, तर हेड गॅस्केट फुटून कूलंट इंजिनात जळतंय अशी शंका येते.

बॉक्स परत लावायचा मोह होईल. पण बीएस-४ डिझेलला पीयूसीत धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज आहे, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात, जास्तीच्या डिझेलच्या उष्णतेनं वितळू शकतात.

आज गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीवर पेनानं रेघ मारा. आठवड्यात किती उतरलं ते इथं कळवा, मग पांढऱ्या धुराचं बोलू.