क्लबहाउसमध्ये वसंतसेना

प्रश्न : आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत आम्ही ज्येष्ठ मंडळी महिन्यातून एकदा क्लबहाउसमध्ये जुना सिनेमा लावतो. या वेळी मी 'उत्सव' सुचवला, तर सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तसला सिनेमा इथे नको." बाकीचे गप्प. ताई, 'उत्सव' खरंच 'तसला' आहे का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : बाकीचे गप्प बसले, कारण बहुतेकांनी तो पाहिलेला असणार!

'उत्सव' शृंगारिक आहेच. 'ऐतिहासिक चित्रपट' अशी पाटी लावून परवानगी काढू नका, स्पष्ट सांगा. १९८४चा सिनेमा, निर्माते शशी कपूर, दिग्दर्शक गिरीश कार्नाड (जन्म आपल्या माथेरानचा, हे सेक्रेटरींना जरूर ऐकवा). गोष्ट शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'ची, म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांनी संगीत नाटक करून मराठी घराघरांत आणली तीच. देवलांची पदं आपल्या आजोबांनी देवघराशेजारी बसून गुणगुणली. त्यातली नायिका वसंतसेना तेव्हाही गणिकाच होती. पद सोवळं आणि पडद्यावरची वसंतसेना, रेखा, ओवळी, हा कुठला न्याय?

मला त्यातला शृंगार आवडतो तो त्याच्या संथपणामुळे. अशोक मेहतांचा कॅमेरा समईच्या उजेडात बसल्यासारखा वाटतो. वसंतसेनेच्या अंगावरचे दागिने एकेक करून उतरतात आणि आपण कपड्यांचा विचारही न करता त्या दागिन्यांकडेच बघत राहतो. त्यात नुसती नजाकत नाही, सगळी कथाच त्या दागिन्यांवर चालते. ते तिच्या प्रियकराकडे, गरीब ब्राह्मण चारुदत्ताकडे ठेवले जातात, चोरीला जातात, शेवटी त्याच्याच गळ्याशी येतात. मूळ नाटकाचं नावही त्यांच्यावरूनच पडलं : चारुदत्ताच्या मुलाला सोन्याची गाडी हवी असते, मातीची नको, म्हणून वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत घालते.

पण माझ्या लेखी सगळ्यात धीट प्रसंग वेगळाच. चारुदत्ताची बायको आणि वसंतसेना एका खोलीत, एकमेकींचे दागिने घालून बघतात, हसतात. अनुराधा पटेल आणि रेखा. लता आणि आशा एकत्र गातात ते 'मन क्यूं बहका' याच दोघींचं. सवतींनी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, अशीच आपल्या पडद्याची रीत. इथे नवरा आसपासही नाही आणि कुणाला त्याची आठवणही येत नाही. शृंगार पुरुषावाचूनही खोलीत असू शकतो, हे मला त्या गाण्याने दाखवलं.

आता तक्रार. अमजद खानचा वात्स्यायन, 'कामसूत्र' लिहिणारा! पोथी काखेत मारून गणिकागृहात डोकावत हिंडतो, आसनांची टिपणं काढतो. पहिल्यांदा हसू येतं, नंतर कंटाळा. तो डोकावला की प्रेमाचा प्रसंग प्रात्यक्षिक होऊन जातो. सेक्रेटरींना 'तसलं' शोधायचंच असेल तर रेखाच्या पाठीत नाही, या खिदळण्यात सापडेल.

आणि शेवट. नाटकात नवा राजा वसंतसेनेला कुलवधूचा मान देतो. कार्नाडांनी तो काढून टाकला. वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ आलेला चारुदत्त मरणाच्या दारातून सुटून आपल्या घरी जातो, बायको त्याला पदरात घेते, वसंतसेना परत आपल्या धंद्यावर. दारात उभा असतो तिच्या मागे लागलेला राजाचा मेहुणा शकार, पोट सुटलेला शशी कपूर, आणि ती त्याला आत घेते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चिडले होते. आजही चिडते, पण हा शेवट खोटा आहे असं म्हणायची माझी छाती नाही. सभ्य गृहस्थाची सुटका होते, बाईला तिच्या जागी परत पाठवतात. हे बघून तुमच्या मंडळींत वाद झाला नाही तर मला नवल वाटेल. चहा जरा जास्तच करा.

लावा तर खुशाल. सूचनाफलकावर 'फक्त प्रौढांसाठी' लिहा, शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर ठेवा, नातवंडांना घरीच झोपवा. वात्स्यायन काय लिहून घेतोय हे त्यांना समजावून सांगायची जबाबदारी मात्र माझ्यावर ढकलू नका.